मदत हवी आहे : लिस्बनमध्ये एकटीच आहे, खाण्याचं आणि सिंत्राचं काय करू?

नमस्कार मंडळी. परवा लिस्बनला पोहोचले. पहिल्यांदाच एकटी, पाठीवर 11 किलोची सॅक. होस्टेल अल्फामा या जुन्या वस्तीत, आठ जणींच्या खोलीत. ऊन मस्त आहे, पण इथले चढ! पांढऱ्या गुळगुळीत दगडांच्या फरसबंदीवर माझे झिजलेले बूट साबणावर ठेवल्यासारखे सरकतात. काल नदीकडे उतरताना चांगलीच आपटले. 28 नंबरच्या ट्रामने जावं म्हटलं, तर त्यापेक्षा आपली लोकल बरी.

खरा प्रश्न पोटाचा आहे. मी शाकाहारी. पालेभाजी-बटाट्याचं सूप म्हणून काल्दू व्हेर्द मागवलं, तर तळाशी सॉसेजची चकती, म्हणजे गोव्याच्या चोरीसाचीच थोरली बहीण! वर न मागता समोर ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह बिलात लागले. (पाव आणि बटाटा हे शब्द या पोर्तुगीजांनीच आपल्याला दिले, आता वसूल करतायत.) सध्या पाश्तेल द नाता या कस्टर्ड भरलेल्या छोट्या पेस्ट्रीवर जगतेय, त्यात अंडं असतं, पण तेवढं चालवून घेते.

मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास साधा डाळ-भात मिळेल असं ठिकाण कुणाला माहीत आहे का? आणि शुक्रवारी रोसिऊ स्टेशनहून सिंत्रा (जवळचं डोंगरातलं राजवाड्यांचं गाव), तिथून बसने काबो दा रोका (समुद्रात घुसलेलं कड्याचं टोक), मग काश्काइश या किनाऱ्यावरच्या गावाहून ट्रेनने परत, हे एका दिवसात झेपेल, की सिंत्रातल्या पेना राजवाड्यासाठी वेगळा दिवस ठेवू? काबो दा रोकाला सूर्यास्तापर्यंत एकटीने थांबणं ठीक आहे ना? जाकीट एकच आहे, तेही पातळ.