उपासनेच्या वेळी उमेदवाराचे नाव : अमेरिकेतील नियम राहावा की जावा?

दूरदेशी (धागाकर्ता)

करसवलत घेणाऱ्या कोणत्याही धर्मादाय संस्थेने, मग ती चर्च असो, देऊळ असो, मशीद असो वा अनाथाश्रम, निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरू नये, असा नियम अमेरिकेत १९५४ पासून आहे. टेक्ससचे तेव्हाचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी तो मांडला, म्हणून त्याला ‘जॉन्सन दुरुस्ती’ म्हणतात. जुलै २०२५ मध्ये मात्र तिथल्या कर खात्याने टेक्ससमधील संघीय न्यायालयात अशी भूमिका घेतली, की पाळकाने उपासनेच्या संदर्भात, नेहमीच्या मार्गांनी, आपल्या मंडळीशी श्रद्धेच्या दृष्टीने उमेदवारांविषयी बोलणे हा नियमभंग नव्हे. ते कुटुंबातल्या चर्चेसारखे आहे.

मला ही भूमिका घातक वाटते, कारण यात बोलण्याच्या स्वातंत्र्याइतकाच पैशाचाही प्रश्न गुंतलेला आहे. उमेदवाराला दिलेल्या देणगीवर करात वजावट मिळत नाही, चर्चला दिलेल्या देणगीवर मिळू शकते. शिवाय इतर धर्मादाय संस्थांना जे वार्षिक विवरणपत्र कर खात्याला द्यावे लागते, त्यातून चर्चना सूट आहे. हे दोन्ही एकत्र आले, की ज्याला नाव न उघडता प्रचाराला पैसा पुरवायचा आहे त्याच्यासाठी सर्वांत सोयीची जागा प्रार्थनास्थळ ठरते. कुटुंबातल्या चर्चेला कोणी करसवलत देत नाही.

सह्यकडा

मी पूर्णपणे असहमत आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चना राजकारणापासून दूर ठेवले असते, तर नागरी हक्कांचा लढा कुठे उभा राहिला असता? ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी मॉन्टगोमेरीतील वर्णभेदाविरुद्धचा बसबहिष्कार पुढे चालू ठेवण्याचा निर्णय होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्येच झाला. १९६० च्या ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना जॉन केनेडी यांनी त्यांच्या पत्नीला दूरध्वनी करून धीर दिला, तेव्हा अटलांटातील एबेनेझर चर्चचे पाळक असलेल्या थोरल्या किंग यांनी, म्हणजे मार्टिन यांच्या वडिलांनी, प्रतिस्पर्धी उमेदवार निक्सन यांची बाजू सोडून केनेडींना जाहीर पाठिंबा दिला. त्याला आपण अपराध म्हणणार का?

दुसरे असे, की हा नियम जवळजवळ कागदावरच आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनच्या एका चर्चने १९९२ च्या निवडणुकीच्या चार दिवस आधी वृत्तपत्रांत उमेदवार क्लिंटन यांच्याविरुद्ध जाहिराती दिल्या, म्हणून १९९५ मध्ये त्याची करमुक्त मान्यता गेली आणि २००० मध्ये अपील न्यायालयानेही ते उचलून धरले. पण २००८ मध्ये ३३ पाळकांनी ठरवून, उघडपणे उमेदवारांविषयी प्रवचने केली, तरी त्यांच्यावर तशी कारवाई झाली नाही. जो नियम अधिकाऱ्याच्या मर्जीने लागतो, तो भित्र्याला गप्प बसवतो आणि धीटाला मोकळा सोडतो.

एडिसनकर

न्यू जर्सीतील एका देवळाच्या समितीत मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून एवढेच लिहितो. गणेशोत्सवात दोन्ही पक्षांचे उमेदवार दर्शनाला येतात. त्यांचे स्वागत होते, पण ध्वनिक्षेपकावरून मते मागू दिली जात नाहीत. कोणी फार आग्रह धरला, तर ‘कायद्याने चालत नाही’ या एका वाक्यावर विषय संपतो. हे वाक्य आमच्या हातून गेले, तर पुढच्या वर्षी मोठे देणगीदार समितीला विचारतील, की देऊळ कोणाच्या बाजूने आहे. आणि आरतीला शेजारी उभी राहणारी माणसे त्या उत्तरावरून दुरावतील.

दूरदेशी

सह्यकडा, बसबहिष्काराला या नियमाने कधीच अडवले नाही. अन्याय, युद्ध, गर्भपात, दारिद्र्य यांवर पाळकाने कितीही परखड बोलावे, मतदार नोंदणीही करावी. मनाई आहे ती संस्थेच्या नावाने उमेदवाराचा प्रचार करण्याला. स्वतःच्या नावाने तो पाठिंबाही देऊ शकतो.

थोरल्या किंग यांचे उदाहरण मला मात्र दुसरीकडे नेते. केनेडी कॅथलिक आहेत, हे त्यांना आधी केनेडी नको असण्याचे एक कारण होते. त्याच अविश्वासाला उत्तर देण्यासाठी केनेडी १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की कोणी कॅथलिक धर्माधिकारी राष्ट्राध्यक्षाला आदेश देणार नाही आणि कोणी प्रोटेस्टंट पाळक आपल्या मंडळीला मत कोणाला द्यायचे ते सांगणार नाही, अशा अमेरिकेवर माझा विश्वास आहे. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आता आपण सोडून द्यायचा का?

सह्यकडा

केनेडींचा तो आदर्श होता. दंडाच्या भीतीने पाळायला लावलेला आदर्श मला मान्य नाही. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ मध्ये धर्म आणि राज्य यांच्यातील भिंतीचा उल्लेख केला, तो कनेक्टिकटमधील अल्पसंख्य बॅप्टिस्टांना दिलासा देण्यासाठी. भीती त्यांना राज्याची होती. प्रवचनात कोणते वाक्य धर्माचे आणि कोणते प्रचाराचे, हे कर निरीक्षकाने ठरवणे म्हणजे ती भिंत राज्याच्या बाजूने पाडणे आहे.

पैशाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. जाहिराती, पत्रके, भाड्याच्या गाड्या यांवर चर्चचा पैसा खर्च होऊ नये, आणि त्यासाठी चर्चनीही विवरणपत्र द्यावे. प्रवचन तेवढे मोकळे ठेवा.

दूरदेशी

विवरणपत्राबाबत आपण एकमत झालो, याचा आनंद आहे. पण प्रवचन आता त्या खोलीपुरते कुठे राहिले आहे? रविवारची उपासना यूट्यूबवरून थेट जाते, कॅमेरा आणि प्रक्षेपण यांचा खर्च दानातून होतो, आणि अनेक चर्चसाठी हाच ‘नेहमीचा मार्ग’ झाला आहे. त्या प्रक्षेपणात घेतलेले उमेदवाराचे नाव तुम्ही प्रवचनात मोजाल की जाहिरातीत?