१/७०० च्या युद्धनौकेवर रिगिंग करावं का? माझं मत: करू नये

चिमटेवाला (धागाकर्ता)

सरळच लिहितो. १/७०० मापाच्या प्लास्टिकच्या युद्धनौकेवर दोऱ्या-तारा ओढू नयेत. रेलिंग लावा, क्रेन लावा, डोलकाठ्या पितळी करा, पण रिगिंगच्या वाटेला जाऊ नका. १/३५० ला एक वेळ चालेल, तेही हात राखून.

हिशोब बघा. झेंडा चढवायची दोरी, म्हणजे हॅलियार्ड, प्रत्यक्षात १०-१२ मिमी जाड धरली तर ७०० ने भागून येतात ०.०१४ ते ०.०१७ मिमी. आणि आपण लावतो काय? माणसाचा केस ०.०७ च्या आसपास, म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ ५ सेंटिमीटर. शिलाईच्या दुकानात ‘अदृश्य’ म्हणून मिळतो तो नायलॉनचा दोरा ०.१ चा असला तरी झाले ७ सेंटिमीटर. एवढ्या जाड दोरखंडावर कुठला खलाशी निशाण चढवणार होता?

उदाहरण मिकासा या जपानी युद्धनौकेचं घ्या, कारण सगळे तिलाच रिगिंग करायला धावतात. १९०२ ची, १३२ मीटर लांब. १/७०० ला जेमतेम १९ सेंटिमीटर. दोन उंच डोलकाठ्या, त्यांना पुढून-मागून-बाजूने ताणलेले स्टे, म्हणजे काठी उभी धरणाऱ्या तारा, आडव्या काठ्यांवरून डेकपर्यंत हॅलियार्ड, आणि वर वायरलेसच्या तारा. हे सगळं केसाच्या जाडीत केलं की जहाज मागे पडतं आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्याच दिसतात. चिमण्यांमधलं अंतर, तोफांच्या नळ्या, ज्यासाठी आपण आठवडे घालवले ते सगळं त्या जाळ्यामागे.

प्रदर्शनात वाहवा मात्र दोऱ्यांनाच मिळते. त्या कौतुकापोटीच लोक हे करतात असं माझं स्पष्ट मत आहे. आता या अंगावर.

दोनकाठी

आलोच. असहमत, आणि तेही ठाम.

मिकासाचंच उदाहरण घेतलंत हे बरं केलंत. २७ मे १९०५, जपान-रशिया युद्धातली त्सुशिमाची लढाई. पहाटे शिनानो मारू या टेहळणी करणाऱ्या जपानी जहाजाला रशियन आरमार दिसलं आणि तिने ती खबर वायरलेसने दिली. त्या खबरीवरच जपानी सेनापती टोगो आरमार घेऊन बाहेर पडला. दुपारी मिकासावर झेड निशाण, म्हणजे आरमाराला इशारा देणारा झेंडा, चढलं. म्हणजे त्या दिवसाच्या दोन मोठ्या गोष्टी, एक तारेवर आली आणि दुसरी दोरीवर चढली. तुम्ही नेमक्या त्याच दोन वगळणार, आणि वर म्हणणार की ही त्सुशिमाची मिकासा!

आणि ते झेड निशाण? ते लावणार की नाही? लावलंत तर कशाला बांधणार? दोरीशिवाय हवेत तरंगणारं निशाण मी पाहिलेलं आहे, आणि ते ५ सेंटिमीटरच्या दोरखंडापेक्षा जास्त हास्यास्पद दिसतं.

खिडकीतला_माणूस

धागाकर्त्याला +१. मी तर रेलिंगही लावत नाही. डब्यातून आलं तसं जोडायचं, रंगवायचं, कपाटात ठेवायचं. (पळतो आता.)

चिमटेवाला

@दोनकाठी, निशाण लावायचं तर एक दोरी लावा की. एकीला कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही लोक एकीवर थांबत नाही ना. दोन्ही बाजूंना सहा-सहा हॅलियार्ड ओढता, तीही रिकामी.

भिंगातून

दोघेही जाडीवरच अडकलात. डोळा कसा बघतो तेही बघू.

चांगल्या डोळ्याला ३० सेंटिमीटरवरून दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण ०.०९ मिमी अंतर लागतं. यावरून ‘त्याहून बारीक काही दिसतच नाही’ असं लोक म्हणतात, ते चूक आहे. उजळ पार्श्वभूमीवरची एकटी लांब रेघ याच्या कितीतरी पटींनी बारीक असली तरी दिसते. म्हणूनच दूरच्या टेकडीवरची विजेची तार आभाळासमोर कळते. तिची जाडी कळत नाही, पण ती आहे हे कळतं.

आता १/७०० ची नौका ३० सेंटिमीटरवरून बघणं म्हणजे खरी नौका २१० मीटरवरून बघणं. तेवढ्या अंतरावरून आभाळासमोरची १२ मिमीची दोरी दिसते, पण काळी ठसठशीत नाही, फिकट करडी रेघ म्हणून. जितकी बारीक तितकी फिकट.

तेव्हा मापापेक्षा जाड धागा वापरावा लागणारच असेल तर तो फिका घ्या. हॅलियार्ड फिक्या करड्या किंवा मळकट पिवळसर, स्टे थोडे गडद. काळा धागा १/७०० वर कधीही नाही. मी ज्या ‘जाळ्यात अडकलेल्या’ नौका पाहिल्या त्यातल्या बहुतेक जाडीमुळे नाही, काळ्या रंगामुळे बिघडल्या होत्या.

चिमटेवाला

म्हणजे आधी जाड दोरी लावायची आणि मग रंगाने ती लपवायची. मग लावलीच कशाला?

भिंगातून

डेकच्या फळ्यांमधल्या रेषा कशा दाखवता तुम्ही? साच्यातली खाच मापाने बघितली तर अवाच्या सवा रुंद असते. तिच्यात तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडता आणि खूश होता. तिथे ही लबाडी चालते, वर डोलकाठीवर गेलं की तत्त्व आठवतं.

लोहारचाळ

वाद चालू द्या, मी सामानाचं बोलतो. अर्धा वाद चुकीच्या धाग्यामुळे आहे.

केस विसरा. हवेतला दमटपणा मोजायच्या जुन्या यंत्रात केसच लावायचे, कारण ओल लागली की तो लांबतो. मुंबईत जूनमध्ये तुमचे सगळे स्टे लोंबायला लागतील. साधा सुती दोरा तर नकोच. भिंगाखाली त्याला लव दिसते, मेण लावलं तरी पूर्ण बसत नाही.

तांब्याची वाइंडिंग तार घ्या. ४७ गेज म्हणजे ०.०५ मिमी, ५० गेज म्हणजे ०.०२५. पन्नास गेज १/७०० ला साडेसतरा मिलिमीटर होते. धागाकर्त्याच्या १२ मिमीपासून फार लांब नाही. तार दोन काचांमध्ये ठेवून अलगद घोळवली की सरळ होते. एक दोष: शिंकलात तरी वाकते, आणि वाकली की सरळ होत नाही.

दुसरं, मासेमारीच्या गळाला लावायचे नकली कीटक बांधायला वापरतात तो केनिस धागा. २० डेनियरचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचं माप) नायलॉन, एकच तंतू. डेनियरवरून हिशोब केला तर ०.०५ मिमी येतो. बाहेरून मागवावा लागतो, पण एक रीळ जन्मभर पुरतं. लावायची पद्धत अशी: सुईचं नेढं वरून घासून त्याचा छोटा दुबेळका करा. त्यात सायनो ग्लूचा (झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा) कण धरला जातो, थेंब नाही, कण. धाग्याचं एक टोक डोलकाठीला, पाच मिनिटं सोडा, मग दुसरं टोक डेकवर. ताण द्यायचा नाही, थोडा ढिलाच ठेवायचा. ग्लू पक्का झाला की पेटती उदबत्ती जवळ न्या. जवळ म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरवर, आणि फिरवत. बघता बघता लोंबणारा धागा सुतासारखा सरळ होतो. अजून एक मिलिमीटर पुढे गेलात की तो मधोमध वितळून दोन्हीकडे गोळा होतो आणि पहिल्यापासून सुरुवात. पंखा बंद ठेवा.

डोलकाठी प्लास्टिकची असेल तर या ताणानेच वाकते. आधी पितळी सळई बसवा. पुण्यात बोहरी आळीत, आमच्याकडे मुंबईत लोहार चाळीत मिळते.

दोनकाठी

दंडवत. इलॅस्टिकबद्दल मात्र काहीच लिहिलं नाहीत.

लोहारचाळ

मुद्दाम. लायक्राचा तो धागा लावायला सोपा, वेगवेगळ्या रंगांत मिळतो, धूळ झटकताना ब्रश लागला तरी तुटत नाही, ताणून परत जागेवर येतो. पण तो कायम ताठ. झोळ देता येत नाही.

चिमटेवाला

घ्या, माझ्या मनातला मुद्दा! अँटेनाची तार खऱ्या जहाजावर ताठ नसते. डोलकाठ्या हलतात, तार थोडी सैल सोडावीच लागते. ५० मीटरच्या तारेला अर्धा मीटर झोळ असला तर १/७०० ला तो ०.७ मिमी येतो, ७ सेंटिमीटरच्या तारेवर. एवढं डोळ्याला कळतं. इलॅस्टिकवाल्यांच्या सगळ्या नौका सतार लावल्यासारख्या ताणलेल्या. आणि बारीक धाग्याला स्वतःचं वजन इतकं कमी की तो आपोआप झोळत नाही. वाकवला तिथे वाकतो. म्हणजे बरोबर करताच येत नाही. जे बरोबर करता येत नाही ते करू नये, एवढंच म्हणतोय.

दोनकाठी

स्प्रू ओढा ना! किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून खेचला की हवा तितका बारीक तंतू निघतो. त्याला चिकटवण्याआधी बोटावरून हलकेच वळण द्या. झोळ तयार. चिनीमातीच्या इन्सुलेटरसाठी फेविकॉलचे बारीक ठिपके, वाळल्यावर पांढरट रंग. हे लोक पन्नास वर्षं करत आलेत, शिझुओकाच्या कंपन्यांनी १९७१ मध्ये १/७०० ची वॉटरलाइन मालिका (पाण्यावरच्या भागाचीच जहाजं) काढली तेव्हापासून.

योकोसुकाकर

मी जपानात असतो, मिकासा मला लोकलने तासाभरावर आहे. त्यामुळे इथले मित्र फोटो मागतात: ‘रिगिंगचे जवळून काढून पाठव.’ त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. आज योकोसुकाला सिमेंटमध्ये बसवलेली जी मिकासा उभी आहे, तिच्या डोलकाठ्या, तोफा, वरचं बांधकाम दुसऱ्या महायुद्धानंतर उतरवून टाकलं होतं. १९६१ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. म्हणजे आज वर दिसणाऱ्या तारा १९०५ चा पुरावा नाहीत. एका संग्रहालयाने नीटनेटक्या लावलेल्या तारा आहेत त्या.

मग जुने फोटो? त्यातही फसगत होते. त्या काळच्या प्लेटांवर आभाळ पांढरंफटक यायचं आणि तो उजेड बारीक रेघा खाऊन टाकायचा. फोटोत दोरी दिसत नाही म्हणून ती नव्हती असं नाही. खरा आधार म्हणजे बांधणीनंतरचे आराखडे. ब्रिटिश नौकांचे असे आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमकडे आहेत, त्यात रिगचे वेगळे तक्तेही सापडतात. जिथे आराखडा नाही तिथे कमी तारा लावलेल्या बऱ्या. म्हणजे मी अर्धा धागाकर्त्याच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी.

गलबत्या

सगळे १९०५ मध्येच अडकले आहेत म्हणून थोडं पुढे ओढतो. रिगिंग किती करायचं हे मापावर नाही, डोलकाठीवर ठरतं.

साधी खांबासारखी डोलकाठी स्टे नसले तर पडेल. तीन पायांची, म्हणजे ट्रायपॉड, स्वतःच्या पायांवर उभी राहते. विमानविरोधी तोफांना वरचं आभाळ मोकळं हवं असतं, तिथे स्टेची गर्दी परवडत नाही. (सुरुवातीच्या ट्रायपॉडची गंमत वेगळी. १९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेचा पुढच्या चिमणीच्या मागे उभा केला, आणि वर बसलेले निरीक्षक धुरात.)

आपल्या जवळचं उदाहरण: एच.एम.एस. अकिलीस. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेशी लढली ती. १९४८ मध्ये ती आपल्याकडे आली आणि पुढे आय.एन.एस. दिल्ली झाली. आता १९३९ ची अकिलीस करायची तर खांबाच्या डोलकाठ्या, चार जोडतोफा आणि भरपूर स्टे. दिल्ली करायची तर ती १९४३-४४ च्या दुरुस्तीनंतरची: मागची एक्स तोफ काढलेली, डोलकाठ्या ट्रायपॉड. पण मी एक मॉडेल पाहिलं, नाव ‘दिल्ली’, तिरंगा फडकतोय, तोफा तीनच बरोबर, आणि रिगिंग पूर्ण १९३९ चं, ट्रायपॉडला स्टेसकट. करणाऱ्याने कष्ट अफाट घेतले होते. तिथे धागाकर्त्याचा नियम लावला असता तर मॉडेल जास्त खरं झालं असतं.

चिमटेवाला

बघा, शेवटी मुक्कामाला येताय.

गलबत्या

नाही हो. तुम्ही सरसकट बंदी घालताय. मी म्हणतोय आधी वाचा, मग ओढा.

दोनकाठी

आणि मिकासा ट्रायपॉडवाली नाही. तिला स्टे हवेतच. सुटका नाही तुमची.

नवी_कोरी

माझी पहिलीच युद्धनौका आहे, १/७०० ची, डोलकाठीपर्यंत आले आहे. हे सगळं वाचून डोकं गरगरलं. मी नेमकं काय करू?

दोनकाठी

ताई, चारच लावा. दोन डोलकाठ्यांमध्ये वायरलेसची एक तार, पुढच्या डोलकाठीपासून जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत एक स्टे, आणि दोन हॅलियार्ड, त्यातल्या एकीवर निशाण. वरून खाली या, म्हणजे हात आधीच्या तारेला लागत नाही.

चिमटेवाला

एकही नको. तो वेळ रेलिंगला द्या. पहिल्या नौकेचं रेलिंग वाकडं असलं तर दोऱ्या ते झाकत नाहीत, उलट नजर तिकडेच नेतात.

भिंगातून

काहीही करा, काळा धागा नको.

नवी_कोरी

बरं. मग चार लावून बघते. पन्नास गेजची तार कुठे मिळेल? मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला अर्ध्या किलोखाली रीळ देत नाही.

लोहारचाळ

रीळ नको. त्याला जुना जळका रिले (कॉइलवर चालणारा विजेचा स्विच) माग. आतल्या कॉइलवर बहुतेक ४६-४८ गेजची तार असते, चार दोऱ्यांना सहज पुरेल. वरचा टेप कापून टोक शोध आणि कॉइल फिरवत सोडव, ओढू नकोस. काळपट झालेला भाग असेल तो टाकून दे, तिथे तुटते. पन्नास पुढच्या नौकेला बघू.