चेंज मॅनेजर घ्यायचाय, तीन सीव्ही आलेत आणि तिन्ही तीन दिशांना. नक्की कोण हवा?

भोसरी_प्लांट:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे, प्रेस शॉप, मशिनिंग, थोडं असेंब्ली, सगळी मिळून २८० माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. आत्तापर्यंत टॅली, एक्सेल आणि स्टोअरमधल्या बिन कार्डवर (रॅकला लावलेली मालाच्या आवक-जावकीची कार्डं) निभावलं, आता ईआरपी घेतोय, म्हणजे स्टोअर, खरेदी, प्रॉडक्शन, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. ते बसवणारा कन्सल्टंट म्हणतो तुमच्या बाजूने एक चेंज मॅनेजर घ्या, नाहीतर गो-लाइव्हनंतर (म्हणजे नवीन सिस्टीम प्रत्यक्ष चालू झाल्यावर) आमच्या नावाने बोंब मारायची नाही. मालक म्हणजे माझे थोरले काका, ते म्हणाले तू बघ.

जाहिरात टाकली तर तीन बरे सीव्ही आले. एक आयटीतला, आयटिल (आयटी सेवा सांभाळायची पद्धत) सर्टिफाइड, लिहिलंय की दर आठवड्याला 'कॅब' चालवायचो. मला आधी वाटलं ट्रान्सपोर्ट बघत असेल. दुसरा क्वालिटीतला, फोर-एम चेंजवाला. तिसऱ्या एक मॅडम, आधी एचआरमध्ये होत्या, प्रोसाय या चेंज मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट आहे, सीव्हीत चार ठिकाणी 'अडकार' लिहिलंय. तिघंही स्वतःला चेंज मॅनेजर म्हणवतात. आता मी कोणाला काय विचारू?

चिल्लर_पार्टी:
चेंज मॅनेजर म्हणजे सुट्टे देणारा ना? आमच्या कँटीनला पण एक हवाय.

सर्व्हरवाला:
कॅब म्हणजे चेंज अॅडव्हायजरी बोर्ड हो 😄 पहिला सीव्ही आमच्या बिरादरीतला. चालू सिस्टीममध्ये काही बदलायचं असेल तर त्याची रिक्वेस्ट येते, काय मोडू शकतं, मोडलं तर मागे कसं यायचं, कोणत्या रात्री करायचं, हे सगळं बघून हा माणूस हो किंवा नाही म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी कोणी चालू सिस्टीमला हात लावायला निघाला की त्याला अडवणारा तो हाच. २०१९ ला आयटिल ४ आलं, त्यानंतर याला चेंज एनेबलमेंट म्हणायला लागलेत, म्हणजे अडवू नका, वाट करून द्या असा सूर. काम महत्त्वाचं आहे, पण तुमच्या स्टोअरकीपरने बिन कार्ड सोडावं यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

पीपीएपी_भाऊ:
दुसराही तुमच्या कामाचा नाही. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यातलं काही बदललं की नोंद करायची, कस्टमरला कळवायचं, पहिला पीस तपासायचा. आयएटीएफ १६९४९, म्हणजे ऑटो पार्ट्सवाल्यांचं क्वालिटी स्टँडर्ड, त्यातला ८.५.६ तो, कंट्रोल ऑफ चेंजेस. तो तुमच्या क्वालिटी हेडकडे आधीपासून आहेच की, नसेल तर ऑडिटमध्ये बोंबललात.

गोलाइव्ह_ग्रस्त:
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलं, तुम्हाला हवाय तो तिसऱ्या प्रकारचा, माणसांकडून बदल घडवून घेणारा. मी ११ वर्षं ईआरपी बसवतोय, चाकण, रांजणगाव, अंबड, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

एका ठिकाणी (नाव नको) ट्रेनिंग झकास झालं, प्रोजेक्टर, वडापाव, हजेरीच्या सह्या, सगळं. गो-लाइव्ह झालं आणि चौथ्या दिवशी सिस्टीममध्ये एका बेअरिंगचा स्टॉक मायनस १४००. मायनस! स्टोअरमध्ये जाऊन बघतो तर टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्यांचा हा गठ्ठा. थर्ड शिफ्टला स्टोअरकीपर नसायचाच, सुपरवायझर सिक्युरिटीकडून किल्ली घ्यायचा, माल काढायचा आणि चिठ्ठी सरकवायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आणि दिवसा गेटवर आलेला माल जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) व्हायच्या आधीच लाइनवर जात होता, कारण लाइन थांबली तर शिव्या, एन्ट्री राहिली तर कोण विचारतंय. सहा महिने मीटिंगा झाल्या, पण रात्री स्टोअरला कोण असतं हे एकाही मीटिंगमध्ये कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हे विचारणारा माणूस म्हणजे चेंज मॅनेजर. प्रोजेक्ट मॅनेजर तारीख आणि पैसा बघतो, हा बघतो की सोमवारी सकाळी कुणाच्या हातचं काय काम बदलणार आणि त्या माणसाचं त्यात काय जाणार.

त्या 'अडकार'ला नावं ठेवू नका, साधी गोष्ट आहे. का बदलायचं ते कळणं, बदलावंसं वाटणं, कसं करायचं ते माहीत होणं, मग प्रत्यक्ष हाताला जमणं, आणि नंतर जुन्यावर परत न घसरणं, अशा पाच पायऱ्या. आपल्याकडे काय होतं, माणूस अडकलेला असतो दुसरीवर आणि कंपनी त्याला तिसरीचं ट्रेनिंग देत बसते. तुमच्या स्टोअरकीपरला स्क्रीन येत नाही असं नसतं हो, रील्स बघतोच की रात्रभर. कुठला माल कुठल्या रॅकला हे फक्त त्यालाच माहीत होतं म्हणून सगळे त्याला विचारायला यायचे, तो मान जातोय.

एक सावधगिरी. सॅप ईसीसी या मोठ्या कंपन्यांतल्या जुन्या ईआरपीचा मेन्स्ट्रीम सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, मोठ्या कंपन्या सॅपच्याच नव्या एस-फोर हानाच्या मागे लागल्यात, त्यामुळे सध्या जो तो सीव्हीवर चेंज मॅनेजमेंट लिहितोय. पीपीटी बनवणारे, पोस्टर लावणारे, न्यूजलेटर काढणारे ढीगभर मिळतील.

लेजर_काका:
मी बँकेतून रिटायर झालो, वाचून मजा वाटली. आमच्या वेळी हा हुद्दाच नव्हता. बँकांत कॉम्प्युटर आणण्यावरून १९८३ ला युनियन आणि आयबीए (बँकांची संघटना) यांचा करार झाला, ८४ ला त्याच विषयावर रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, मग हळूहळू शाखांत एएलपीएम आली, लेजर पोस्टिंगची मशिनं. आमच्या शाखेत एक लेजरकीपर होते, कुठल्या पानावर कुणाचं खातं हे न बघता सांगायचे. मशीन येणार म्हटल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. आमचे मॅनेजर बेरकी. तीन महिने मशीन आणि हाताचं लेजर दोन्ही चालवायचं होतं, त्याच्या तपासणीला त्यांनी यांनाच बसवलं, म्हणाले मशीनची चूक काढून दाखवा, चहा माझ्याकडून. दोन चुका निघाल्या, दोन्ही फीडिंगच्या. चहा झाला. पुढे नवीन पोरांना एन्ट्री शिकवायला तेच बसायचे, आणि शिकवताना मॅनेजरपेक्षा जास्त ओरडायचे. तेव्हा बाहेरून माणूस कशाला, घरातलाच बघा.

गोलाइव्ह_ग्रस्त:
काका, एकदम मान्य, पण तुमच्या मॅनेजरांना शाखेत शब्द होता. इथे प्रॉडक्शन सुपरवायझरला हे काम दिलं तर २५ तारखेनंतर तो डिस्पॅचमध्ये बुडणार, टार्गेट काही कोणी कमी करत नाही. द्यायचंच तर त्याचं रोजचं काम आधी काढून घ्या. मी म्हणेन बाहेरचा एक आणि जोडीला घरातला एक.

पीएफ_ईएसआय_ताई:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ईआरपीसोबत शिफ्टच्या वेळा किंवा ब्रेक बदलणार असाल, किंवा माणसं कमी व्हायची शक्यता असेल, तर कायद्याने आधी नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९-ए, २१ दिवसांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिथे ते कलम ४० आहे, दिवस २१च. नुसती एन्ट्रीची पद्धत बदलली तर प्रश्न वेगळा, पण "त्यातच शिफ्ट पण जरा ॲडजस्ट करू" असं मालक हमखास म्हणतात, आणि मग युनियनचं पत्र आलं की एचआरला बोलावतात. उमेदवाराला हे विचारा. पाठ नसू दे कलम, पण "हे आधी एचआरला आणि युनियनला विचारावं लागेल" एवढं तरी तोंडातून आलं पाहिजे.

आणि "कामगारांचा विरोध मोडून काढला" असं जो अभिमानाने सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

भोसरी_प्लांट:
खूप आभार सगळ्यांचे. इंटरव्ह्यूत नक्की काय करू ते सांगा ना, केबिनमध्ये बसून सगळेच गोड बोलतात.

गोलाइव्ह_ग्रस्त:
केबिनमध्ये बसवूच नका. शॉप फ्लोरवर तास दीड तास सोडा, मग विचारा गो-लाइव्हला सगळ्यात आधी कुठे फाटेल. आणि जिथे तोंडघशी पडलात असं एक काम सांगा म्हणा. यात ज्याला काहीच आठवत नाही तो बहुतेक पीपीटीवाला. नेमणूक गो-लाइव्हपर्यंतच ठेवू नका, पुढचे तीन-चार महिने धरा, खरी घसरगुंडी तेव्हाच होते.

भोसरी_प्लांट:
अपडेट देतो. तिसऱ्या सीव्हीवाल्या मॅडमना बोलावलं, वेळ त्यांनीच मागून घेतली, रात्री साडेअकराची, सेकंड सुटून थर्ड लागते तेव्हाची. स्टोअरच्या आधी त्या सिक्युरिटी केबिनला गेल्या आणि किल्लीचं रजिस्टर मागितलं. महिन्याभरात स्टोअरची किल्ली १९ रात्री बाहेर गेलेली, सह्या तीन वेगवेगळ्या सुपरवायझरांच्या. मी इथे चार वर्षं आहे, ते रजिस्टर कधी उघडलं नव्हतं.

निघताना पगाराचं विचारलं तर म्हणाल्या ते नंतर बोलू, आधी तुमचे काका आठवड्यातून एकदा अर्धा तास माझ्याबरोबर फ्लोरवर फिरणार का ते सांगा, नसतील फिरणार तर मला घेऊन पैसे घालवू नका. काकांना अजून विचारलेलं नाही. उद्या सकाळी त्यांचा मूड बघून विचारतो.