विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर जाताना सासऱ्यांच्या फाइली कशा जपाव्यात? (पुणे)

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप असेंबल केलेला आहे, सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतली तरी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असला की, मोजके अपवाद वगळता, विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलंय.

काळजी आहे ती बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या कामाची. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) तयार केला, अजूनही भर घालत असतात. शिवाय वर्डमध्ये वंशावळी, जुन्या फोटोंचे स्कॅन, लग्नांचे व्हिडिओ. ज्यांच्या घरी बसून त्यांनी माहिती उतरवून घेतली, त्यातले बरेच जण आता हयात नाहीत. हे काम गेलं तर परत होणार नाही.

दुरुस्तीवाला म्हणतो, "सी फॉरमॅट मारतो, डी-ई ला हात लावत नाही, बॅकअप कशाला?" मला पटत नाहीये. काय काय जपावं आणि कसं, सांगाल का?

कोथरूडकर
ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. सी, डी, ई या बहुतेक घरांत एकाच डिस्कचे भाग (पार्टिशन) असतात. मिंट बसवताना 'डिस्क पुसून मिंट टाका' हा पर्याय निवडला, की तिन्ही जातात. विंडोजच्या शेजारी बसवण्याचा किंवा स्वतः पार्टिशन ठरवण्याचा पर्यायही असतो, पण एक चुकीचं क्लिक पुरतं. आणि एसएसडीवरून (चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कवरून) पुसलेलं बहुधा परत मिळत नाही, कारण ट्रिम या तिच्या सोयीमुळे त्या जागा आतून रिकाम्या केल्या जातात.

माझा ठाम सल्ला: जुन्या डिस्कवर काही बसवूच नका. तपकीर गल्लीतून एक नवी साटा एसएसडी (डेस्कटॉपला वायरने जोडायची) घ्या. बॅकअप झाला की कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कची वायर काढा, नवी जोडा आणि मिंट नवीवर बसवा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती कुणाच्या हातून पुसली जाणार नाही. जुनं मशीन एसएसडीमुळे चपळ होईल ते वेगळंच.

तरी बॅकअप हवाच, कारण जुनी डिस्क वयामुळेही जाऊ शकते. एक्सटर्नल हार्ड डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असू द्या, दोन्ही मिंटमध्ये उघडतात. फॅट३२ नको. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात.

डीटीपीवाली
कोथरूडकरांनी डिस्क वाचवली, पण कुलवृत्तांत अजून सुरक्षित झालेला नाही. मुठाकाठताई, हे नीट वाचा.

श्रीलिपीच्या जुन्या फाइलींत मराठी अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. तो फाँट नसला की फाइल उघडते, पण पानभर अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणजे कॉपी शंभर टक्के बरोबर आणि वाचता एक ओळ येत नाही. पुण्यामुंबईच्या छापखान्यांचं कितीतरी काम असंच अडकून पडलंय, म्हणून जीव तुटतो.

पेजमेकरचंही तसंच. तो लिनक्ससाठी कधी आलाच नाही. शिवाय मोठे फोटो बहुधा त्या फाइलीच्या आत नसतात, फोटो कुठे ठेवलाय तो पत्ता असतो. फोल्डर हलवला की पत्ता चुकतो.

म्हणून विंडोज चालू आहे तोवर हे करून घ्या. आधी प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ करा, फाँट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच साठवून. ती कुठेही तशीच दिसेल. मग पेजमेकरच्या 'सेव्ह अॅज'मध्ये सगळ्या लिंक केलेल्या फाइली सोबत कॉपी करायचा पर्याय आहे, तो निवडून प्रत्येक प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले श्रीलिपीचे फाँट आणि सॉफ्टवेअरची सीडी, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला जोडावी लागणारी किल्ली) हेही बॅकअपचाच भाग समजा.

शेवटी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, म्हणजे पुढे भर घालता येईल. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं घसरतात. कुलवृत्तांतात नावंच नावं असतात, तेव्हा बाबांनाच पीडीएफ शेजारी ठेवून मुद्रितशोधन करायला सांगा. दुसऱ्याला 'गोपिकाबाई' चुकलेली कळणार नाही, त्यांना कळेल.

हडपसर४११०२८
एवढं कशाला? सगळं गूगल ड्राइव्हवर टाका, मोकळे व्हा.

कोथरूडकर
फुकटातले १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट मिळून असतात, लग्नाचे व्हिडिओ मावायचे नाहीत. पीडीएफ आणि युनिकोड मजकूर मात्र तिथे जरूर ठेवा, घराबाहेरची एक प्रत होते. दुसरी हार्ड डिस्क परगावच्या नातेवाइकांकडे ठेवता आली तर फारच छान.

मुठाकाठ
फार आभार, फाँटचा विचार मनातही आला नव्हता. एक शंका. बाबांचा हात पेजमेकरवर बसलाय. ते एकदम सोडायला सांगणं जिवावर येतंय.

डीटीपीवाली
सोडायला नकाच सांगू. जुनी डिस्क जशीच्या तशी राहणार आहे ना? मशीन तेच, डाँगल तोच. लागेल तेव्हा नवीची वायर काढून जुनी जोडायची, इंटरनेट बंद ठेवायचं आणि पेजमेकर चालवायचा. या वयात माणसाचं कामाचं अवजार काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे, सवडीने सवय होईल.

सिंहगडरोड
धाग्यात घुसते, माफ करा. माझा लॅपटॉप आहे, डिस्क बदलायची नाहीये. वेगळं काय बघू?

कोथरूडकर
बिटलॉकर. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. तीशिवाय ती डिस्क दुसरीकडे वाचता येत नाही.

वनड्राइव्हही बघा. ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली लॅपटॉपवर नसतातच, फक्त नाव दिसतं. आधी 'नेहमी या उपकरणावर ठेवा' करून त्या खाली उतरू द्या, मग कॉपी करा.

मिंटप्रेमी
राहिलेलं थोडं. मिंटचा पेन ड्राइव्ह बूटेबल (त्यावरून मशीन सुरू होईल असा) करताना तो संपूर्ण पुसला जातो, बॅकअप ठेवलेला पेन ड्राइव्ह चुकूनही वापरू नका. ८ जीबीचा वेगळा घ्या. मिंट न बसवता त्यावरूनच चालवून प्रिंटर, स्कॅनर, वायफाय तपासा.

लांबलचक मराठी नावांच्या फाइली आधी शोधून ठेवा. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजमध्ये याहून लांब नाव चालतं, इथे कॉपी अडते.

विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर जुनी डिस्क मिंटला जोडल्यावर फाइली फक्त वाचता येतात किंवा डिस्क उघडतच नाही. आणि गुरुवारी बसवायला घेऊ नका, महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात. डेस्कटॉपला बॅटरी नसते.

मुठाकाठ
पीडीएफ करून माझ्या लॅपटॉपवर उघडल्या. मजकूर सुरेख दिसतोय, पण काही पानांवरचे फोटो धूसर आलेत.

डीटीपीवाली
त्या फोटोंचे पत्ते तुटलेत. पेजमेकरच्या लिंक्स यादीत कोणते हरवलेत ते दिसेल. मूळ स्कॅन बहुतेक ई ड्राइव्हवर असतील. पुन्हा जोडा आणि तेवढ्याच प्रकरणांची पीडीएफ नव्याने करा. दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलंत हे फार चांगलं केलंत, आता हेच व्हिडिओ आणि स्कॅनचंही करा.

मुठाकाठ
सापडले, ई ड्राइव्हवरच होते! बाबा स्वतः बसून जोडतायत. एसएसडी बसवण्याआधी अजून काही?

कोथरूडकर
ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड काढून घ्या. मेल आउटलुकमध्ये असेल तर पीएसटी फाइल, थंडरबर्ड असेल तर अॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमधलं त्याचं प्रोफाइल. मूळ आणि बॅकअप फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा. जुळलं की वायर काढा, आणि जुन्या डिस्कवर बाबांचं नाव व तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा.