दारूचा परवाना एका दारी, गाण्याचा दुसऱ्या दारी: वरच्या मजल्यावरच्यांनी कुठे जायचे?

चौथा मजला (धागाकर्ता)

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जुनी परमिट रूम आहे. इतकी वर्षे तिचा कुणाला उपद्रव नव्हता. गेल्या दिवाळीनंतर मात्र तिथे ‘ऑर्केस्ट्रा’ सुरू झाला आणि रात्री मांडणीतली भांडी ठेक्यावर वाजू लागली. उत्पादन शुल्क कार्यालयात गेलो, तर गाणेबजावणे आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात गेलो, तर कार्यक्रमाचा परवाना रीतसर असल्याचे सांगितले. पालिकेने स्वयंपाकघराच्या स्वच्छतेपलीकडे काही पाहण्यास नकार दिला. तिन्ही ठिकाणची माणसे सौजन्याने बोलली आणि तिन्ही ठिकाणांहून मी हात हलवत परतलो.

मुळात दारू पाजण्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो (दारू विकण्याची परवानगी देणाऱ्या कायद्याचे नाव दारूबंदी असावे, हा विनोद आता कुणाला हसवत नाही), आणि करमणुकीचा परवाना १९५१ च्या पोलीस कायद्यातील कलम ३३ खालच्या नियमांनुसार. दारू आणि गाणे एकत्र आल्यावर त्या जागेचे स्वरूपच पालटते, पण ते पालटलेले स्वरूप समोर ठेवून निर्णय करणारे कुणीच नसते. माझे म्हणणे असे की एका जागेला एकच परवाना असावा, तो देण्यापूर्वी दारावर जाहीर सूचना लागावी आणि आसपास राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणे कायद्याने बंधनकारक असावे.

गल्ल्यावरचा

अठरा वर्षे परमिट रूम चालवतो, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा करणार नाही. आपला त्रास खरा आहे. उपाय मात्र मला घातक वाटतो, कारण परवान्याच्या अटी लिहिणाऱ्याला धंदा चालावा असे वाटत नसेल, तर तो अटींतूनच धंदा बंद पाडू शकतो, आणि हे या राज्यात घडून गेलेले आहे.

डान्सबारचा इतिहास आठवावा. २००५ मध्ये पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घालून बारमधील नृत्यावर बंदी आणली गेली. तारांकित हॉटेले आणि मर्यादित सदस्यांचे क्लब मात्र तिच्यातून वगळले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्यानंतर सरकारने २०१६ चा नवा कायदा केला. त्यात नावाला परवाना होता. पण धार्मिक स्थळ वा शाळेपासून एक किलोमीटर अंतर हवे, जिथे नृत्य तिथे मद्य नको, आत कॅमेरे हवेत, अशा अटी होत्या. मुंबईत देऊळ, मशीद, शाळा यांपासून एक किलोमीटर दूर असलेला गाळा कुणी दाखवून द्यावा, मी त्याला जन्मभर जेवू घालीन. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी रद्द केल्या आणि २००५ पासून एकालाही परवाना दिला गेला नसल्याची दखल घेतली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची मनाई न्यायालयाने कायम ठेवली, म्हणजे वाजवी अटींना न्यायालयाचाही विरोध नव्हता.

आता आपल्या सूचनेप्रमाणे सगळे अधिकार एका मेजावर आले आणि त्यावर रहिवाशांच्या हरकतींची फाइल ठेवली, तर त्या फाइलचे वजन कुणाच्या खिशाला पडेल हे मी सांगायला नको. आज तीन ठिकाणी समजूत काढतो. उद्या त्यांत गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची भर पडेल.

टेम्सकाठी

लंडनमध्ये राहतो. धागाकर्त्यांनी मागितलेली व्यवस्था इंग्लंड आणि वेल्समध्ये नोव्हेंबर २००५ पासून चालू आहे. २००३ च्या परवाना कायद्याने मद्यविक्री, करमणूक आणि रात्री उशिराचे गरम खाणे हे सारे एका जागेच्या एका परवान्यात आणले, आणि तो देण्याचे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडून स्थानिक पालिकेकडे गेले. अर्जदाराने दर्शनी भागावर फिकट निळ्या कागदाची सूचना २८ दिवस लावायची असते आणि त्या मुदतीत कुणालाही लेखी हरकत घेता येते. हरकत मात्र चारच मुद्द्यांवर चालते: गुन्हे व बेशिस्त, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचे संरक्षण. ‘आमच्या वस्तीची प्रतिष्ठा’ हा त्यांत पाचवा मुद्दा नाही. स्कॉटलंडमध्ये पाचवा आहे, तो सार्वजनिक आरोग्याचा.

गल्ल्यावरच्यांची भीती मला यामुळेच अंशतः पटत नाही. समितीला ‘आम्हाला आवडत नाही’ एवढ्यावर परवाना नाकारता येत नाही, आणि अर्जदार अपिलात जाऊ शकतो. तरीही इथले सारे आलबेल आहे असे नाही. नवे फ्लॅट घेऊन राहायला आलेले लोक शंभर वर्षे जुन्या पबच्या गाण्याविरुद्ध तक्रारी करतात, आणि लहान पबांना दोन गिटारवाल्यांसाठीही परवाना घ्यावा लागत असल्याने जिवंत संगीत आटू लागले, अशी ओरड झाली. अखेर २०१२ मध्ये वेगळा कायदा करून परवानाधारक जागेत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत, मर्यादित श्रोत्यांसमोरच्या गाण्याला मोकळीक द्यावी लागली.

माइकपाशी

मी ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाते. आतापर्यंतच्या चर्चेत राहणारे आले, मालक आले, न्यायालये आली. गाणारी बाई तेवढी ‘उपद्रव’ या शब्दात आली.

२००५ च्या बंदीने सुमारे ७५,००० महिला बेरोजगार झाल्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालात आहे. बंदीचे समर्थन आमच्या प्रतिष्ठेच्या नावाने केले गेले. २०१६ च्या कायद्याच्या नावातसुद्धा महिलांची प्रतिष्ठा होती. त्या प्रतिष्ठेचा तपशील कुणी विचारला असता, तर मी दुसरा दरवाजा मागितला असता. आमच्याकडे मंचामागे कपडे बदलण्याची खोली आहे, आणि तिच्यातून बाहेर जायचे तर गिऱ्हाइकांमधूनच जावे लागते. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले; गोव्यात हडफडे येथे डिसेंबर २०२५ मध्ये नाइटक्लब पेटला, त्यात २५ गेले आणि त्यांतले बहुतेक तिथे काम करणारे होते. रोज रात्री त्याच इमारतीत असतात ते आम्ही. धागाकर्त्यांच्या सुनावणीत आम्हाला बोलावणार का, की आमच्याबद्दल दुसरेच बोलणार? आणि मालकांनी हेही सांगावे की तीन ठिकाणी ‘समजूत काढताना’ कुणी कधी त्या दरवाजाबद्दल विचारले होते का.

बांधावरून

शहरातल्या मंडळींना सुनावणी मिळाली तरी धन्यता वाटेल, पण गावात आम्हाला दारूचे दुकान बंद करण्यासाठी मत देण्याचा अधिकार आहे आणि तो वापरताना कसा दम निघतो ते मी पाहिले आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे आधी २५ टक्के महिलांच्या सह्या, मग त्यांची पडताळणी, मग उभी बाटली की आडवी बाटली असे गुप्त मतदान. यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीला मत दिले तरच दुकान बंद होते. म्हणजे ऊसतोडीला गेलेला आणि मुंबईला राहणारा, दोघेही मत न देताच उभ्या बाटलीच्या बाजूचे ठरतात.

आणि दुकान बंद झाले तरी दारू बंद होतेच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली झालेली दारूबंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली, तेव्हा अवैध विक्री वाढल्याचे कारण पुढे केले होते. मला बंदीचा निर्णय चुकीचा वाटत नाही, अंमलबजावणी पोकळ वाटते. यावर इथे वाद घालण्याची माझी तयारी आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय होईल.

चौथा मजला

माइकपाशी यांची माफी मागतो. सूचना लिहिताना माझ्या मनात खरोखरच फक्त झोप होती. आत काम करणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज करमणुकीची परवानगी देऊ नये, एवढी दुरुस्ती मी करतो. टेम्सकाठींनी सांगितलेले ठराविक मुद्द्यांचे बंधनही मान्य. त्याने गल्ल्यावरच्यांच्या भीतीला बरेचसे उत्तर मिळावे. आवाजाचे तर मोजमापच आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे, तिथे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही.

गल्ल्यावरचा

दरवाजाबद्दल विचारलेत, ताई, तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. माझ्याकडे मागचा दरवाजा आहे, पण त्याच्यापुढे सोड्याचे क्रेट रचलेले असतात, आणि आजवरच्या तपासण्यांत ते कुणी हलवायला सांगितले नाहीत.

सूचना आणि सुनावणी नवा परवाना देताना व्हावी, याला मी फार विरोध करणार नाही. पण आमचा परवाना दरवर्षी नूतनीकरणाला येतो. कर्ज काढून आवाजरोधक भिंती घालायच्या आणि मार्चअखेरीस कुणी हरकत घेईल का याची वाट पाहायची, अशा स्थितीत बँक मला दारात उभी करणार नाही. सुनावणी एकदाच, सुरुवातीला.

चौथा मजला

सुरुवातीलाच असेल, तर ती माझ्या उपयोगाची नाही. आमच्याखालच्या परमिट रूमचा परवाना मी इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. निदान जुन्या जागेत नव्याने गाणे सुरू होईल तेव्हा तरी तो नवा अर्ज धरायला हवा.

गल्ल्यावरचा

गाण्यासाठी धरा. दारूच्या परवान्याला त्यात हात लावू नका.