मदत हवी आहे: १९७७ चं पिनबॉल मशीन, बोर्डावरचा दिवा लागतो तो विझतच नाही

मंडळी, विषय आडवाटेचा आहे, पण इथे रेडिओ-टीव्ही खोलून बसलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

मी शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. गेल्या महिन्यात एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून बॅली कंपनीचं 'एट बॉल' हे पिनबॉल मशीन (उतरत्या पाटावर गोळी उडवायचा खेळ) ३०० डॉलरला उचललं. १९७७ सालचं. या मॉडेलची २०,२३० मशीनं निघाली होती, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, एवढाच काय तो दिलासा. लहानपणी आमच्याकडे खिळे ठोकलेलं लाकडी बॅगाटेल होतं, छर्रे हरवले की सायकलच्या बेअरिंगमधले घालायचो. तेवढ्या भांडवलावर हा उद्योग ओढवून घेतलाय. बायको त्याला 'तुमची शवपेटी' म्हणते, कारण पाय काढून ते गॅरेजमध्ये आडवं ठेवलंय.

मागची काचेची पेटी उघडली तर मुख्य बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून वाहिलेली. खालच्या अर्ध्या बोर्डावर हिरवट-निळी बुरशी बसावी तसा थर. नखाने खरवडला तर भुकटी पडली आणि तिच्याबरोबर एका रेझिस्टरचा पायही. बॅटरी कापून काढली. मशीन चालू केलं की बोर्डावरचा छोटा लाल दिवा लागतो आणि तसाच राहतो. आकडे नाहीत, आवाज नाही. मी ६८०० हा प्रोसेसर आणि ५१०१ ही मेमरी नवीन आणून बसवली, फरक शून्य. आता पुढची कुठली चिप बदलू? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन आहे.

प्रतिसाद
शवपेटी! वहिनींना दंडवत. माहिती शून्य, वाचतोय.

प्रतिसाद
पुढची कुठलीच चिप बदलू नका. आणि ती सोल्डरिंग गन ठेवून द्या, तिने बोर्डावरचं तांबं उचकटून येईल. तापमान लावता येणारं साधं सोल्डरिंग आयर्न आणा, बारीक टोकाचं. भांड्याला डाग द्यायचा नाहीये.

आधी वीजपुरवठा. मशीनच्या मागच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरवर रेक्टिफायर बोर्ड आहे, एसीचा डीसी करणारा. त्याच्या सगळ्या फ्यूजा एकेक काढून बघा. नुसत्या डोळ्याने नको, मीटरने. आणि प्रत्येक फ्यूजवर छापलेले अँपिअर मॅन्युअलशी ताडून पाहा, जुन्या मालकांनी काय कोंबलेलं असेल सांगता येत नाही. त्या बोर्डावर २३० व्होल्ट डीसी असतो, तोच पुढे डिस्प्लेला, म्हणजे गुणांच्या आकड्यांना, १९० करून जातो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शिल्लक राहतो, तेव्हा थांबा, मोजा, मग हात घाला. मोजताना एक हात खिशात. आणि मशीन चालू असताना कुठलाही कनेक्टर काढायचा नाही, लावायचा नाही.

धागाकर्ता
दादा, तुम्ही द्रष्टे आहात. एका फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली होती! कॉइलच्या, म्हणजे खेळातले भाग हलवणाऱ्या विद्युतचुंबकांच्या, ४३ व्होल्टवाली. त्याजागी योग्य मापाची ५ अँपिअरची नवी घातली, चालू करताच फट्. म्हणून ती जागा रिकामी ठेवलीय. बाकी मुख्य बोर्डावर ५ व्होल्टच्या जागी ५.०१ आणि १२ च्या जागी ११.८ मिळतात.

प्रतिसाद
चांदी! म्हणजे आधीच्याने आजाराचं थर्मामीटर फोडलं. ते नंतर बघू.

५ आणि १२ ठीक असतील तर गाठ रीसेटमध्ये आहे. ६८०० ला चालू झाल्यावर क्षणभर दाबून धरतात आणि वीज स्थिर झाली की सोडतात. ते सोडणारं सर्किट नेमकं बॅटरीच्या शेजारी बसवलंय, म्हणून गळती आधी तेच खाते. ६८०० च्या खाचेची बाजू वर धरा: डावीकडे वर पाय १, उजवीकडे वर पाय ४०. मीटरची काळी सुई ग्राउंडला, लाल ४० ला. मशीन चालू करताना तिथे शून्यावरून ५ च्या जवळ जायला हवं. सुई घसरून ३९ ला टेकू देऊ नका.

साफसफाई: ती गळती अल्कली आहे, म्हणून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, टूथब्रशने. मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दिवसभर वाळवा. थर खरवडून स्वच्छ तांबं दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर सोल्डर बसतच नाही, थेंब होऊन गडगडतो. तिथले रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि कनेक्टरच्या पिना सरसकट नव्या घाला. सडलेल्या पिनांवर विश्वास ठेवला तर दर रविवारी तोच फॉल्ट शोधत बसाल.

धागाकर्ता
पाय ४० वर ०.२ व्होल्ट! म्हणजे तो प्रोसेसर झोपूनच होता आणि मी त्याला बदलत बसलो.

दोन रविवार गेले. पहिल्या दिवशी घरभर लोणच्याच्या बरणीचा वास. २एन३९०४ ट्रान्झिस्टर दोन, रेझिस्टर सहा बदलले. एक तांब्याची रेघ भिंगाखालीही अखंड दिसत होती, मीटर मात्र बोलेना. सुईने टोचलं तर आत पोकळ. तिला वरून वायर ओढली. आज चालू केलं: दिवा एकदा लुकलुकला, मग मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! सातवा काही येत नाही. आता कुठली चिप?

प्रतिसाद
अभिनंदन, आणि पुन्हा चिपा! ते ठोके म्हणजे बोर्ड स्वतःची परीक्षा देतो. प्रोग्रॅमची रॉम, दोन मेमऱ्या, दोन पीआयए चिपा (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या) आणि डिस्प्लेचा टायमर, हे सहा पास. सातवा ठोका ४३ व्होल्ट आले का ते बघतो. तुम्ही ती फ्यूज काढून बसलाय, तो येईल कुठून?

फ्यूज चालू करताक्षणी उडते म्हणजे बहुधा रेक्टिफायर बोर्डावरचा ब्रिज, म्हणजे चार डायोडचा तुकडा, शॉर्ट आहे. प्लग काढा, त्या बोर्डावरून बाहेर जाणारे कनेक्टर काढा आणि ब्रिज ओहमवर मोजा. कॉइल कायम ओढून धरणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर फ्यूज सहसा थोडा वेळ घेते आणि कॉइल जळाल्याचा वास येतो. तरी ते ट्रान्झिस्टरही मोजा, मूळचे एसई९३०२ असतात, टिप१०२ चालतात.

धागाकर्ता
ब्रिजच्या दोन पायांत कसंही मोजलं तरी ०.३ ओहम. मेलाय. नवा मागवलाय, शुक्रवारी येईल. दोन शंका: बॅटरी परत लावू का, आणि पहिल्यांदा चालू करताना डिस्प्ले जोडू का?

प्रतिसाद
बोर्डावर बॅटरी नकोच. बॅटरीशिवाय खेळ चालतो, फक्त उच्चांक आणि क्रेडिट विसरतं. हवीच असेल तर तीन एए सेल वायरने लांब, पेटीच्या तळाशी, आणि मध्ये १एन४००१ डायोड, नाहीतर बोर्ड त्या सेलना चार्ज करायला बघेल.

डिस्प्ले नको. आधी डिस्प्ले काढून १९० व्होल्ट मोजा, जास्त असेल तर तिथला व्होल्टेज नियामक आधी दुरुस्त करा. त्या नळ्या काचेच्या आहेत, एकदा गेल्या की गेल्या.