कान्होजी आंग्रे चाचे की सरखेल? ऐकीव माहितीवरून माणूस कितपत कळतो?

अलिबागकर:
वाचनालयात कान्होजी आंग्र्यांवर फलक लावायचाय, जेमतेम शंभर शब्दांचा. इंग्रजी पुस्तकांत ते चाचे, आपल्याकडे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. स्वभावाबद्दल तर कोणी क्रूर म्हणतं, कोणी दिलदार. यातलं काय धरायचं, काय सोडायचं? आणि आजच्या पुढाऱ्यांना तरी आपण बातम्यांतूनच ओळखतो ना?

मोडीवाचक:
आधी स्वभाव बाजूला ठेवा, कृती धरा. कान्होजी किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे ये-जा करायचा परवाना, घ्यायला लावत, नसेल तर जहाज धरत. पोर्तुगीज हेच ‘कार्ताझ’ देऊन आधीपासून करत आले होते. इंग्रजांनी दस्तक नाकारलं, त्यांची जहाजं धरली गेली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात चाचेगिरीची नोंद झाली. म्हणजे जहाज धरलं हे दोघांनाही मान्य, भांडण फक्त हक्काचं. पहिली गोष्ट फलकावर बेधडक लिहा. दुसरी लिहिताना मत कोणाचं तेही सांगा.

१७१८ मध्ये खांदेरी किल्ल्यावरचा इंग्रजांचा हल्ला फसला, १७२१ मध्ये कुलाबा किल्ल्यावरचा इंग्रज-पोर्तुगीजांचा मिळून केलेलाही फसला. ही हार खुद्द हरलेल्यांच्या कागदांत आहे. स्वतःच्या अंगावर येणारं कोणी उगाच लिहीत नाही, म्हणून असा पुरावा सगळ्यात भक्कम. डाउनिंग नावाचा इंग्रज या मोहिमांवर होता. त्याचं पुस्तक १७३७ चं, कान्होजी वारल्यावर ८ वर्षांनी आलेलं. जहाजं, तोफा याबाबत त्याचं ऐकावं. कान्होजींच्या मनात काय होतं ते त्याला तटाबाहेरून कसं दिसणार?

तारखांत हमखास घोळ होतो. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत, पोर्तुगीज नवं. त्यामुळे एकाच लढाईच्या तारखेत ११ दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची घटना आदल्या वर्षात दिसते. मराठी कागदांत वर्ष सुहूर सनात असतं, ते मृगाला बदलतं: इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवा, घटना जानेवारी ते मे मधली असेल तर ६००.

आणि दहा वेबसाइटवर तेच वाक्य, त्याच चुकीसकट दिसलं, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच.

खाडीपलीकडचा:
हयात पुढाऱ्यांचं सांगतो. निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं शपथपत्र असतं, नमुना २६. त्यात मालमत्ता, कर्ज, प्रलंबित खटले, शिक्षण, पाच वर्षांचं उत्पन्न. एकच पाहून उपयोग नाही, लागोपाठच्या दोन निवडणुकांची शेजारी ठेवून वाचा. हे सगळं उमेदवाराने स्वतः सांगितलेलं असतं, हे मात्र विसरू नका. खोटं दिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जमिनीचा गट नंबर शपथपत्रात असतो, तो घेऊन सातबारा ऑनलाइन बघता येतो. आपल्या कोकणात इथेच लोक फसतात. एकेका उताऱ्यावर सामाईक खातेदारांची रांग असते, मुंबईकर चुलत्यांपासून वारस न लावलेल्या आजोबांपर्यंत. नाव दिसलं की अख्खी वाडी त्याचीच म्हणून गावभर बोंब मारणं हा निव्वळ अन्याय आहे. आणेवारी (कोणाचा हिस्सा किती) बघा, फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) बघा, मग बोला.

भाषणाची वीस सेकंदांची क्लिप आली तर अख्खं भाषण शोधा. सभागृहातलं असेल तर छापील कार्यवृत्त मिळतं.

अलिबागकर:
दोघांचेही आभार. पण मग फलकावर स्वभावाचं एकही वाक्य नको? मुलं नेमकं तेच विचारतात.

मोडीवाचक:
एक घेता येईल. मुंबईचा गव्हर्नर बून याच्याशी कान्होजींचा पत्रव्यवहार झाला होता. दुसऱ्याच्या मालावर डोळा ठेवणं व्यापाऱ्यांनाही चुकलेलं नाही, जगाची रीतच ती, असं त्यांनी त्याला सुनावलं. बाणा दिसतो तो तिथे. मात्र पत्र दरबारी धाटणीचं, आणि आपल्यापर्यंत आलंय ते इंग्रजी तर्जुम्यातून. तेव्हा अवतरणचिन्हं घालू नका. आशय द्या आणि खाली ‘बूनला लिहिलेल्या पत्राच्या इंग्रजी तर्जुम्यावरून’ एवढं लिहा.